दात लागलेली ज्वारी

डॉक्टरांनी म्हशीच्या मानेवर चीर दिली, आलेलं रक्त बाटलीत धरलं आणि बाटली उन्हासमोर उचलून पाहिली. रक्त लालभडक होतं.

“असं असायला नको,” ते स्वतःशीच म्हणाले.

सरिताने ते ऐकलं. ती भोरीच्या डोक्याशी उकिडवी बसली होती. सकाळी तिने भोरीला ज्वारीच्या वाफ्यात सोडलं, आत जाऊन चुलीवर तवा ठेवला आणि दुसरी भाकर टाकते न टाकते तोच बाहेर काहीतरी जड कोसळल्याचा आवाज झाला. धावत आली तर म्हैस आडवी. तोंडाला फेस, नाकपुड्या फुललेल्या, पोट भात्यासारखं हलतंय. पाव तासात सगळं संपलं. पाच महिन्यांची गाभण होती.

“काय खाल्लं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“ज्वारी. महिनाभर तीच खाते.”

डॉक्टर तरुण होते, लातूरकडचे. तलासरीच्या दवाखान्यात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांनी वाफ्यावर नजर फिरवली. अर्धा वाफा कापलेला होता, अर्ध्यात गुडघ्याएवढे फुटवे होते, पानांची टोकं उन्हाने वळलेली. त्यांनी चार फुटवे उपटले, म्हशीच्या पोटातला चारा दुसऱ्या बाटलीत भरला आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या.

“पुण्याला पाठवतो. दहा-बारा दिवस लागतील. तोवर या वाफ्यात दुसरं जनावर सोडू नका.”

सरिताने मान वर केली. “म्हणजे वाफ्यात कायतरी टाकलंय?”

“कागद येऊ दे. मग बोलू.”

“विष कोणी घातलं ते निघेल ना त्याच्यात?”

“काय होतं ते निघेल,” डॉक्टर बॅग बंद करत म्हणाले. “कोणी, ते नाही निघत.”

सरिताने कुंपणाकडे पाहिलं. निवडुंगापलीकडे तिची मोठी जाऊ बारकी उभी होती, तोंडावर पदर धरून. नजरानजर झाली तशी बारकी वळली आणि घरात गेली.

तेवढं पुरे झालं.

बारकीला कारण होतं, आणि ते सरिताइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. डिसेंबरात, भात झोडून झाल्यावर, पंचायत समितीने याच डॉक्टरांच्या हातून चाऱ्याच्या ज्वारीचं बी वाटलं. या भागात ज्वारी कोणी केलेली नव्हती. इथे भात, नागली, वरई. जनावराला पेंढा आणि माळावरचं गवत. पण माळावरचं गवत दिवाळीनंतर कापून, गठ्ठे बांधून ट्रकने मुंबईच्या तबेल्यांना जातं आणि मागे उरतात नुसते खुंट. त्या पिवळ्या माळाच्या कडेला सरिताचा वाफा असा काही हिरवागार उठला की रस्त्याने जाणारा माणूस थांबायचा. बारकीनेही केली होती ज्वारी, घरामागे, पण थोडीच.

फेब्रुवारीत एका दुपारी बारकीच्या आठ शेळ्या कुंपणाच्या खिंडीतून आत शिरल्या आणि अर्धा वाफा खुंटापर्यंत खाऊन गेल्या. सरिताने बघितलं तेव्हा उशीर झाला होता. रागाच्या भरात तिने दगड उचलला. तो गाभण शेळीच्या पोटावर बसला. दुसऱ्या दिवशी ती शेळी गाभडली.

“दगड कोणी मारला?” बारकी कुंपणापाशी येऊन विचारत होती.

“मला काय माहीत? मी नाय मारला,” सरिता म्हणाली.

त्यानंतर सामाईक विहिरीवरची मोटर जळाली. निदान थोरला दीर, बारकीचा नवरा पांड्या, याने तसं सांगितलं. पण त्याची वांगी ओली दिसत होती आणि सरिताच्या वाफ्याला भेगा पडत होत्या. राहिलेली उभी ज्वारी ती रोज कापून भोरीला घालत होती. ती संपली तेव्हा खाल्लेल्या भागात फुटवे आले होते. पाण्यावाचून ते वाढत नव्हते आणि वाळतही नव्हते. त्यातच तिने भोरीला सोडलं.

आणि आदल्या दिवशी दुपारी तिने बारकीला त्या खिंडीपाशी पाहिलं होतं. खाली वाकलेली, हात कुंपणाच्या आत, खांद्यापर्यंत.

डोळ्यांनी पाहिलेलं कसं विसरायचं?

चिकू तोडायला घोलवडला जाणारा टेम्पो सकाळी सहाला पाड्यावरून निघतो. म्हैस गेल्यापासून सरिताही बायांबरोबर जाऊ लागली होती. तिसऱ्या दिवशी चिमीने विचारलं, “चांगली धडधाकट म्हैस, अशी कशी गेली गं?”

“अशी जात नाय,” सरिता म्हणाली. “हात लागला.”

“कोणाचा?”

टेम्पो तेव्हा बारकीच्या दारावरून चालला होता. सरिताने फक्त तिकडे पाहिलं.

त्यानंतर तिला काही करावं लागलं नाही. हातपंपावर बारकी पाणी भरून गेली की बाया आधी दांडा धुवायच्या, मग हंडा लावायच्या. चिमीच्या पोराला ताप भरला, तेव्हा चिमीला आठवलं की बारकीने त्याच्या हातात बोरं ठेवली होती. कोणाचं तरी वासरू मागच्या पावसाळ्यात मेलं होतं, तेही आता नव्याने निघालं. बारकी दुकानात आली की बोलणं थांबायचं. सरिता हे सगळं बघत होती. पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी टेम्पोत मागच्या फळीवर बसलेल्या कोणीतरी हलक्या आवाजात बारकीला ‘भुताळी’, म्हणजे चेटकीण, म्हटलं, आणि सरिताच्या हातातला डबा निसटून खाली पडला.

पाड्याचा कारभारी सुकऱ्या नात्याने तिचा चुलत सासरा. त्याने रविवारी सकाळी समाजमंदिरात बैठक ठरवली. सायवनच्या बाजूचा एक भगत येणार होता. तांदळाचे दाणे टाकून बघणार होता.

“काय बघणार?” सरिताने नवऱ्याला विचारलं.

“कोणाचा हात ते,” तुषार म्हणाला. तो उंबरगावच्या कंपनीत होता, आठवड्याच्या पाळीने. “तूच तर बोललीस.”

शुक्रवारी डॉक्टरांचा फोन आला.

दवाखान्यात त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि कागद समोर ठेवला. त्यातलं तिला वाचता येण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी तो उलटा केला.

“तुमच्या म्हशीला कोणी काही घातलं नाही. ज्वारीनेच मारलं तिला.”

सरिताने कागद पुन्हा सुलटा केला.

“आमच्याकडे याला किराळ लागणं म्हणतात. ज्वारी कोवळी असताना तिच्या अंगात विष असतं. मोठी झाली, कणसावर आली की उतरतं. पण तिला जनावराचा दात लागला, खुंटापासून ती नव्याने फुटली आणि नेमकं तेव्हाच पाणी तुटलं, तर ते फार चढतं. पुन्हा कोणी तोंड लावू नये म्हणून झाड ते धरतं म्हणा.”

“झाडाला काय कळतं?”

“तुमच्या माळावर बोर असेल ना?”

“हाय.”

“शेळ्या सारख्या ओरबाडतात ती बोर आणि कुंपणाआडची बोर, काटा कोणाला जास्त?”

सरिताला उत्तर माहीत होतं. लहानपणापासून तिच्या हातांना ते माहीत होतं. माळावरचं गवतही गुरं फार फिरली की ताठ वाढायचं सोडून जमिनीला चिकटून पसरतं, खुरालाही सापडत नाही, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. फक्त त्याला कारण असेल असं कधी वाटलं नव्हतं.

“मग त्याच दिवशी का नाय बोललात?”

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. “रक्त बघून शंका आली होती. खात्री नव्हती. आणि खरं सांगू? बी वाटलं तेव्हाच हे सांगायला हवं होतं. आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं, म्हणून डोक्यात आलं नाही. राहून गेलं.”

परत आल्यावर ती घरात गेली नाही, सरळ कुंपणाकडे गेली. डॉक्टरांचं सगळं खरं धरलं तरी बारकीचा तो आत घातलेला हात उरत होताच. तिने निवडुंग काठीने बाजूला केला. शेळ्या शिरल्या होत्या ती खिंड बुजवलेली होती. करवंदीच्या फांद्या पलीकडून आत कोंबलेल्या, मध्ये आडव्या काठ्या, काथ्याने आवळून बांधलेल्या. पानं सुकून तपकिरी झाली होती. दहा-बारा दिवसांपूर्वीचं काम असावं. एका काट्यावर बारकीच्या हिरव्या साडीचा धागा अडकला होता.

सरिताने खाली बसून तो काट्यावरून सोडवला. मग उठून घरात गेली आणि तुषारला सगळं सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे खाल्ली त्यांच्या शेळ्यांनी. पाणी तोडलं दादाने. मग मारली त्यांनीच ना?”

“तसं नाय ते.”

“मग कसं?”

ते सांगायचं तर आधी दगडाचं सांगावं लागलं असतं. दगड मारल्याचं तिने त्यालाही सांगितलं नव्हतं.

शनिवारी ती सुकऱ्याकडे गेली. म्हातारा ओट्यावर बसून टोपली विणत होता. डॉक्टरांचा कागद त्याने हातात घेतला नाही.

“महिनाभर म्हैस तेच खात होती, असं तूच बोललीस.”

“ती उभी ज्वारी होती, काका. हा फुटवा.”

“एकाच बियाची, एकाच वाफ्यातली. अर्धी गोड नि अर्धी विख?” त्याने बांबूची कांब दातात धरून सोलली. “पांड्याने डॉक्टरला गाठला असेल. कागद काय, कोणीपण देतं.”

“पांड्याभावोजी डॉक्टरला ओळखतपण नाय.”

“तू आता कोणाला वाचवतेस, पोरी? तुझीच म्हैस मेली ना?” त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. “तुला कोणी भीती घातली का?”

ती उठली. कोणतीही गोष्ट आता बारकीकडेच वळत होती. खरं बोललं तर तेही.

रविवारी समाजमंदिराच्या ओट्यावर पन्नासेक माणसं जमली. बारकी एका खांबाला टेकून बसली होती. पांड्या तिच्यापासून जरा लांब, पुरुषांमध्ये, आणि ते अंतर सगळ्यांना दिसत होतं. भगताने सूप पुढे घेतलं, मुठीत तांदूळ घेतले. अंगात टेरिकॉटचा पांढरा शर्ट घातलेला साधा माणूस. त्याच्याबद्दल सरिताला राग आला नाही. त्याला बोलावलं कोणी, हे तिला माहीत होतं.

“दाणे टाकायच्या आधी मला बोलायचं हाय,” ती उभी राहून म्हणाली.

सुकऱ्याने हाताने थांब म्हटलं, पण ती थांबली नाही.

“डिसेंबरात बी दिलं तेव्हाच डॉक्टरने मला सांगितलेलं. खाल्लेली ज्वारी नव्याने फुटली की जनावराला घालू नको. पाणी नसेल तर अजिबात नको, मरेल. मला माहीत होतं.” ती भगताच्या सुपाकडे बघत पुढे बोलली. “चारा संपला. माळावर हिंडायचा कंटाळा आला. म्हटलं, एवढ्याने काय होतंय. सोडली म्हैस. मीच मारली.”

भगताची मूठ तशीच मिटलेली होती.

“मग इतके दिवस गप का?” सुकऱ्याने विचारलं.

“घरात काय सांगणार होते?” तिने तुषारकडे पाहिलं नाही. “आणि बारकीबायच्या शेळीला दगडपण मीच मारला. तेव्हा नाय म्हटलं. खोटं बोलले.”

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. पुण्याहून शिक्क्यासह आलेल्या कागदावर ज्यांचा विश्वास बसत नव्हता, त्यांना हे पटायला क्षणही लागला नाही. झाड विष धरतं म्हणजे काय, ते कोणाला कळत नव्हतं. आळशी, खोटारडी बाई कळत होती. चिमी बाजूच्या बाईला म्हणाली, “मला टेम्पोतच वाटलेलं, ही कायतरी लपवते.”

सुकऱ्या बराच वेळ बोलत होता. आपल्या हाताने केलं आणि घरच्याच माणसावर ढकललं, असं तो परत परत म्हणत होता. शेवटी त्याने ठरवलं की सरिताने बारकीला शेळीच्या बदल्यात शेळी द्यायची आणि सगळ्यांसमोर पाया पडायचं. सरिता पाया पडली. बारकीने पाय मागे घेतले नाहीत आणि तिच्या डोक्याला हातही लावला नाही. ती वरून फक्त बघत होती, एखादं जनावर अनोळखी पाण्याकडे बघतं तशी.

भगताने तांदूळ पुन्हा पिशवीत भरले. त्याला चहा दिला गेला.

तुषार मोटरसायकल सुरू करून एकटाच निघून गेला. ती चालत घरी आली.

पुढच्या गुरुवारी सरिता परसात छपरासाठी पेंढा झोडत होती. तुषार अजून तिच्याशी कामापुरतंच बोलत होता आणि टेम्पोतल्या बाया तिला मागच्या फळीवरच जागा देत होत्या. बारकी कुंपणाच्या वळशाने, वाटेवरून आली आणि चार हातांवर थांबली.

“बी वाटलं त्या दिवशी मी तुझ्या बाजूलाच बसलेली,” ती म्हणाली.

सरिता पेंढा झोडत राहिली.

“डॉक्टरने पिशवी दिली, अंगठा घेतला. त्याच्यावर एक शब्द बोलला नाय. तुला नाय, मला नाय.”

“असेल.”

“असेल काय? मला कान हायत.” बारकी एक पाऊल पुढे आली. “तू माझ्यासाठी मार खाणारी नायस. पंधरा वरसं ओळखते तुला. तुला काय होवं?”

“कायच नको.”

“विहिरीचं पाणी?”

“नको.”

“मग कशाला केलंस?”

सरिताने हातातली पेंढी खाली ठेवली. काय सांगायचं ते तिला अजूनही नीट माहीत नव्हतं. “खरं सांगून बघितलं,” ती म्हणाली. “कोणी घेतलं नाय.”

बारकी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यात काही लपलेलं आहे का, हे शोधत असावी. मग ती दुसरंच बोलली.

“माझी पण ज्वारी फुटलीय. गाय सोडू का?”

“नको सोडू.”

“माझ्या ज्वारीला पाणी हाय.”

“तरी नको.”

“तू बोलतेस म्हणून मी ऐकणार नाय. मी डॉक्टरला विचारणार.”

“विचार.”

“नंबर दे.”

सरिताने आतून फोन आणला आणि एकेक आकडा सांगितला. बारकी अंगठ्याने सावकाश दाबत गेली. मग तिने फोन कानाला लावला. पलीकडे घंटा वाजत होती, ती सरितालाही ऐकू येत होती.

“डॉक्टर का? पाड्यावरून बारकी बोलते. म्हैस मेली तिची जाऊ.” बारकीने सरिताकडे पाहिलं. “मला एक विचारायचं होतं. तुम्ही डिसेंबरात—”

ती थांबली.

“हां, डिसेंबरात काय?” डॉक्टरांचा बारीक आवाज आला. “हॅलो? बोला की.”

सरिता खाली पडलेल्या पेंढीकडे बघत होती. वाटेवरून कोणाची तरी सायकल गेली.

“डिसेंबरात दिलेलं ना तुम्ही ते बी,” बारकी म्हणाली, “त्याचा फुटवा गायीला कधीपासून घालायचा?”

डॉक्टर सांगू लागले. बारकीने फोन कानापासून खाली घेतला, त्याच्यावरचं कुठलं बटण दाबायचं ते शोधलं, आणि आवाज मोठा झाल्यावर तो दोघींच्या मध्ये धरला.